अजिंठा डोंगररांगेतल्या वाटा: ट्रॅक, फोटो आणि टाक्यांच्या पाण्याच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

काल दसरा झाला, सोनं वाटायला घरोघर फिरताना चौघं भेटलो आणि तिथंच ठरलं की या सीझनला नुसतं भटकायचं नाही, नीट नोंदी ठेवून काम करायचं. नाशिक-पुण्याकडच्या गडांची एकेक पायरी लोकांना पाठ असते, आणि आपल्याकडचे अंतूर, वेताळवाडी, जंजाळा, सुतोंडा यांची माहिती शोधली की दहा वर्षांपूर्वीचं "गावात विचारून जावे" एवढंच हाताला लागतं. फोटो भरपूर सापडतात, पण त्यात माणूस दिसतो आणि मागं थोडासा दरवाजा. वाट कुठून फुटते, पाणी कुठं आहे, घसारा किती आहे हे एकाही फोटोत दिसत नाही. मी मूळचा लातूरचा, आमच्याकडं औसा-उदगीरचे भुईकोट, डोंगरी किल्ल्याची सवय मला संभाजीनगरला नोकरीला आल्यावर लागली, त्यामुळं नवख्या माणसाला काय विचारावंसं वाटतं हे मला अजून आठवतंय.

काम असं ठरलं: प्रत्येक किल्ल्याचा चालत रेकॉर्ड केलेला जीपीएक्स ट्रॅक (जीपीएसनं नोंदवलेली वाटेची फाईल), वाटेवरच्या प्रत्येक फाट्याचा फोटो, कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांची जागा आणि त्यातलं पाणी. वाटा ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर चढवायच्या, फोटो विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोंच्या साइटवर टाकायचे, आणि ट्रेकवाल्या ग्रुपमध्ये सगळ्यांना खुलं द्यायचं.

२० ऑक्टोबर २०२४

पहिला वेताळवाडी. सिल्लोड, उंडणगाव, हळदा करत घाटात गाडी लावली तेव्हा सकाळचे पावणेसात, तटबंदीवर नुकतं ऊन पडायला लागलं होतं. हा किल्ला बघितला की आपल्याकडच्या लोकांना कुणीतरी हात धरून इथं आणायला पाहिजे असं वाटतं. घाटाच्या रस्त्यावरूनच अख्खी तटबंदी दिसते, बुरूज अजून दणकट आहेत, दरवाजावर शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) कोरलेत, आणि वर ती दोन कमानींची इमारत, जिला लोक हवामहल म्हणतात, तिच्यातून खाली सोयगावकडचा मुलूख नकाशासारखा पसरलेला दिसतो.

पाऊस यंदा चांगला झाल्यामुळं गवत छातीएवढं होतं. घाटाच्या बाजूनं चढलो आणि दुसऱ्या दरवाजातून वेताळवाडी गावाच्या बाजूला उतरलो, म्हणजे आरपार ट्रॅक मिळाला. उतरताना एका सोंडेवर गवतात वाट हरवली, वीसेक मिनिटं इकडं तिकडं केलं, मग परत वर येऊन बरोबर वाट धरली. कड्याला आग्या मोहोळाची सहा पोळी मोजली. तिथून आवाज न करता, डिओ न मारता जावं असं नोंदीत ठळक लिहिलं. एकूण १४६ फोटो, त्यातले कामाचे साधारण ७०.

एक गोष्ट आज शिकलो. फाट्याचा फोटो चढताना काढून भागत नाही, पुढं चार पावलं जाऊन मागं वळून पण काढायला पाहिजे, कारण उतरताना तीच जागा पूर्ण वेगळी दिसते आणि लोक हमखास उतरतानाच चुकतात.

२३ ऑक्टोबर २०२४

तीन रात्री फोटो आणि ट्रॅक जुळवण्यात गेल्या. कॅमेऱ्यात जीपीएस नाही, म्हणून सॉफ्टवेअर फोटोची वेळ बघतं आणि त्या वेळी ट्रॅकवर आपण कुठं होतो ती जागा फोटोला चिकटवतं. पहिल्यांदा केलं तर एकही फोटो जुळेना, नंतरच्या फोटोंची वेळ ट्रॅकमध्ये सापडतच नव्हती आणि सकाळचे अगदी सुरुवातीचे थोडे फोटो भलत्याच जागी म्हणजे उताराच्या शेवटी जाऊन बसले. बराच वेळ डोकं लावल्यावर कळलं की जीपीएक्समध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि आपला कॅमेरा भारतीय वेळेवर, म्हणजे बरोबर साडेपाच तासांचा फरक. तो फरक टाकला तरी फोटो थोडे पुढं सरकलेलेच, कारण कॅमेऱ्याचं घड्याळ ३ मिनिटं ४० सेकंद पुढं होतं. चढावर पावणेचार मिनिटांत माणूस दीडशे-दोनशे मीटर जातो, म्हणजे टाक्याचा फोटो बुरुजावर. आता नियम केलाय, गाडीतून उतरलं की कॅमेऱ्यातून पहिला फोटो मोबाईलच्या घड्याळाचा, सेकंदासकट, मग घरी येऊन तेवढा फरक वजा करता येतो.

दुसरं म्हणजे ग्रुपमधल्या एक ताई त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या आणि त्यात जागा, वेळ काहीच राहायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि आतली माहिती गळून पडते, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. हे सगळ्यांना सांगितलं, जुने फोटो त्यांनी परत पाठवले, ताईंनी त्यासाठी रात्री बारापर्यंत जागून काम केलं.

२५ ऑक्टोबरला ट्रॅक ग्रुपवर टाकला. (ही ओळ नंतर घातली आहे, कारण पुढं याच ट्रॅकचा विषय येतो.)

१० नोव्हेंबर २०२४

अंतूर. कन्नड तालुक्यात नागापूरकडून गेलो, गौताळ्याच्या जंगलाचा भाग आहे, वनखात्याकडं नोंद करून आत गेलो. डोंगराची सोंड पठारापासून तोडायला कातळात खोदलेला तो प्रचंड खंदक, मग एकामागं एक दरवाजे, वर तलाव. तलावाला पाणी भरपूर, काठावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला.

मला सगळ्यात जास्त आवडला तो अंतूरच्या रस्त्यावरचा निजामशाहीच्या काळातला कोरीव दगड, कुठल्या दिशेला कुठलं गाव ते सांगणारा. त्या काळी कुणीतरी ठरवलं असेल की इथं येणारा माणूस चुकू नये, आणि दगडावर टाकी चालवून घेतली असेल. त्या दगडाचे चारी बाजूंनी फोटो काढले, सकाळच्या तिरप्या उन्हात, कारण डोक्यावरच्या उन्हात कोरीव अक्षर सपाट होऊन जातं.

१४ नोव्हेंबर २०२४

उंचीचा घोळ. दोन्ही किल्ल्यांवर माझ्या मोबाईलनं दाखवलेली उंची सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळेना, एका ठिकाणी ६१ मीटर कमी, दुसऱ्या ठिकाणी ६४. त्या १:५०,००० च्या नकाशावर दर २० मीटरला एक समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) असते, म्हणजे तीन रेषांची चूक, ही साधी गोष्ट नाही. मोबाईल खराब म्हणावा तर दुसऱ्याच्या अ‍ॅपमध्ये बरोबर येत होती.

आमच्यातला एकजण जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशांचं) काम करतो, त्यानं समजावलं. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून, आणि नकाशावरची उंची असते समुद्रसपाटीपासून. या दोन पातळ्या सगळीकडं सारख्या नसतात. आपल्या देशाच्या आसपास गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळं समुद्रसपाटीची पातळी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर १०० मीटरपेक्षा जास्त खाली, आणि आपल्या भागात साधारण ६० मीटरच्या आसपास. काही अ‍ॅप हा फरक स्वतः दुरुस्त करतात, काही कच्चा आकडा तसाच दाखवतात. म्हणून आता उंची लिहिताना कुठल्या अ‍ॅपची आणि दुरुस्त केलेली की कच्ची हे सोबत लिहायलोत. ग्रुपमध्ये एकाच किल्ल्याच्या तीन-तीन उंच्या फिरतात आणि त्यावरून लोक भांडतात, त्यातली निम्मी भांडणं याच एका कारणाची आहेत असं आता वाटतंय.

२४ नोव्हेंबर २०२४

फोटोंच्या लायसनवरून मीटिंग झाली, दोन तास चालली. कॉमन्सवर फोटो टाकायचा म्हणजे कुणीही तो वापरू शकतं, धंद्यासाठी सुद्धा, फक्त फोटो काढणाऱ्याचं नाव द्यायचं आणि आपण निवडलेल्या लायसनप्रमाणं त्यात बदल केला तर तोही तसाच खुला ठेवायचा. "फक्त बिगर-धंदेवाईक वापर" अशी अट तिथं चालत नाही. आमच्यात जो सगळ्यात चांगले फोटो काढतो त्याला हे पटेना, आणि त्याचं दुखणं खरं आहे, मागं त्याचा देवगिरीचा धुक्यातला फोटो कुणीतरी नाव खोडून स्वतःच्या नावानं फिरवला होता. पहाटे चारला उठून, तीन वेळा रिकाम्या हातानं परत येऊन चौथ्या वेळी मिळालेला फोटो होता तो.

शेवटी असं ठरलं की वाटेचे, फाट्यांचे, टाक्यांचे, तटबंदीचे फोटो सगळे खुले, ते लोकांच्या उपयोगाचे आहेत, आणि ज्याला जो फोटो स्वतःकडं ठेवायचाय त्यानं तो ठेवावा, कुणी कुणाला आग्रह करायचा नाही. माणसांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय अजिबात टाकायचे नाहीत. गुराखी, रानातल्या बाया यांचे फोटो "ग्रामीण जीवन" म्हणून टाकून देतात लोक, त्यांना विचारलेलं पण नसतं.

८ डिसेंबर २०२४

आजची नोंद लिहायला जड जातंय.

काल संध्याकाळी कॉलेजची सहा पोरं वेताळवाडीच्या गावाच्या बाजूला अडकली. आमचा ट्रॅक मोबाईलवर लावून उतरत होती. सोंडेवर आली, ट्रॅक उजवीकडं वळतो म्हणून वळली, आणि कड्याच्या तोंडाशी येऊन थांबली, खाली सरळ तुटलेलं. अंधार पडला होता, सहा जणांत एकच टॉर्च. कशीबशी वर आली आणि घाटाच्या बाजूनं उतरली, तिथं पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ. कुणाला काही झालं नाही. एका पोराचा गुडघा सोलला.

ट्रॅक उघडून बघितला. २० ऑक्टोबरला आम्ही वीस मिनिटं चुकलो होतो ना, ते चुकणं तसंच्या तसं ट्रॅकमध्ये होतं, मी ते कापून काढलंच नव्हतं. रेकॉर्डिंग चालू होतं आणि आम्ही गवतात फिरत होतो, कड्यापर्यंत गेलो आणि परत आलो, आणि मोबाईलवर जाणं-येणं एकावर एक असल्यामुळं ती एक छान ठळक वाट दिसत होती, खऱ्या वाटेपेक्षा ठळक. वेळ नव्हता असं पण नाही, तीन रात्री मी फोटोंच्या सेकंदांवर घालवल्या होत्या. ट्रॅक मी केला, मीच टाकला.

रात्रीच ट्रॅक काढून घेतला, ग्रुपवर काय झालं ते सगळं लिहिलं, ज्यांनी ज्यांनी डाउनलोड केलाय त्यांनी डिलीट करा म्हणून सांगितलं. त्या पोरांपैकी एकाला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, तुमच्या फोटोंमुळंच तर आम्ही गेलो होतो." हे ऐकून अजून वाईट वाटलं.

१५ डिसेंबर २०२४

परत वेताळवाडी. या वेळी आधी गावात गेलो, जे पहिल्यांदाच करायला पाहिजे होतं. पारावर चौकशी केली तर एक मामा तयार झाले, साठीच्या पुढचे, जन्म सगळा याच डोंगरात ढोरं चारण्यात गेलेला. सोंडेवर त्या जागी आल्यावर त्यांना विचारलं की इथं उजवीकडं वाट कशी काय दिसते, तर म्हणाले, "भाऊ, ही वाट ढोरायची हाय, माणसायची नाही. ढोर कड्यापोत जातं, चरतं अन् मागं फिरतं."

मग त्यांनी ओळखायचं कसं ते दाखवलं. ढोरवाट एक नसते, शेजारी शेजारी तीन-चार असतात, उताराला आडव्या, आणि चरायच्या जागेला जाऊन विरून जातात. माणसाच्या वाटेवर दगड गुळगुळीत झालेला असतो, चढाच्या जागी पाय ठेवायला दगड लावलेला सापडतो, आणि ती एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेवर जाताना उंची उगाच सोडत नाही. घसाऱ्याच्या जागी मामा टाच रुतवून, अंग थोडं पुढं टाकून झपाझप उतरायचे आणि आम्ही मागं रेलून घसरायचो. सगळं व्हिडिओत घेतलं, त्यांना विचारून.

चुकीच्या फाट्यावर दगडांची रास रचून वाट आडवी बंद केली, आणि बरोबर वाटेवर लहान लहान लगोऱ्या लावल्या. रंगाचे बाण मारायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं, तटबंदीवर आणि कातळावर आधीच पुष्कळ बदाम आणि नावं रंगवलेली आहेत.

मामांनी वाटेवरच्या जागांची अकरा नावं सांगितली, एका घळीला, एका झाडाला, एका पाणवठ्याला. नकाशावर यातलं एकही नाव नव्हतं. ती टाकली, मामांना वाचून दाखवून, उच्चार दोन-दोनदा विचारून.

संध्याकाळी नवा ट्रॅक साफ केला, प्रत्येक वळण फोटोशी ताडून बघितलं, आणि चौघांपैकी जो त्या दिवशी चालला नव्हता त्याला पुढच्या आठवड्यात एकट्या ट्रॅकवर चालवून मगच टाकायचा असं ठरवलं. इथून पुढं हाच नियम, काढणारा एक, तपासणारा दुसरा.

३१ डिसेंबर २०२४

येळवशीला (वेळ अमावस्येला) लातूरला गेलो होतो. भज्जी, आंबील, रानात कोपी, सगळं. काम काही नाही. ट्रॅक २२ तारखेला तपासून झाला होता, तो काल रात्री शेतातनं परत आल्यावर टाकला.

१२ जानेवारी २०२५

सुतोंडा, बनोटीजवळच्या नायगावातून. अजिंठ्याची रांग पूर्व-पश्चिम पसरलेली, तिच्या दक्षिणेचं पाणी गोदावरीला आणि उत्तरेचं तापीला, आणि सुतोंडा त्या उत्तरेच्या अंगाला. त्याचा फोटोवर थेट परिणाम होतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळं उत्तरेकडचे कडे दिवसभर सावलीत, फोटो निळसर आणि मेलेला येतो. सकाळी पूर्वेच्या अंगानं थोडा वेळ ऊन शिरतं तेवढाच वेळ मिळतो, आम्हाला पावणेआठ ते साडेआठ मिळाला.

इथला कातळ फोडून केलेला प्रवेश एकदा तरी बघावा, दोन्ही बाजूंना उभा खडक आणि मधून आपण. आणि टाकी! डोंगरभर खोदलेली टाकी, काही उघडी, काही खांब सोडून आत कोरलेली. एवढ्या कोरड्या मुलखात डोंगराच्या माथ्यावर पाणी धरून ठेवायची ही अक्कल बघून मन भरून येतं, आज आमच्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

टाक्यांसाठी डिसेंबरात वेताळवाडीला वापरलेली पद्धत पक्की केली. दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारल्या, खाली दगड बांधला, पाण्यात सोडून ओल्या गाठी मोजायच्या. शेजारी एक मीटरची खुणा केलेली काठी ठेवून फोटो. पाण्याचा रंग, शेवाळ, ढोरं पितात का, गावचे लोक पितात का. तारीख सगळ्यात महत्त्वाची, "पाणी आहे" असं बिनतारखेचं लिहिणं म्हणजे मे महिन्यात कुणालातरी रिकाम्या टाक्याशी आणून उभं करणं. १७ टाकी मोजून झाली, अंधारामुळं बाकीची राहिली.

अवघडपणाच्या श्रेणीबद्दल पण बोलणं झालं. ओपनस्ट्रीटमॅपवर वाटेला स्विस अल्पाइन क्लबची सहा पायऱ्यांची श्रेणी लावायची सोय आहे, ती लावली. पण ती आल्प्सच्या वाटांवरून बनलेली, आपल्याकडं वाट सोपी असली तरी मार्चनंतर अकरा वाजता कातळ तापून हात टेकवत नाही, आणि पावसाळ्यात त्याच कातळावर शेवाळ धरतं. म्हणून वर्णनात महिन्याप्रमाणं वेगळं लिहितोय, श्रेणीच्या एका आकड्यावर सोडलेलं नाही.

९ फेब्रुवारी २०२५

जंजाळा आणि खालचं घटोत्कच लेणं. लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं खोदवून घेणारा तोच. अजिंठ्याला बस भरून माणसं येतात आणि इथं आम्ही तीन तास होतो तर दुसरं कुणी आलं नाही. फ्लॅश न मारता, ट्रायपॉडवर फोटो. वाट आणि लेण्याकडं उतरायची जागा दोन्ही नोंदवलं.

आजच्या फेरीत नाही, पण याच महिन्यात एका डोंगरावर कपारीत शृंगी घुबडाचं घरटं सापडलं, दोन पिल्लं. कुठल्या डोंगरावर ते इथं पण लिहीत नाही. फोटो फार सुंदर आलाय, काढणाऱ्याला तो टाकायची फार इच्छा होती आणि मला पण. पण अंधश्रद्धेपायी घुबडं पकडतात, मारतात, आणि फोटोच्या आत जागा लिहिलेली असते. जागा पुसून टाकावा असं एकजण म्हणाला, तर ताईंनी दाखवलं की मागचा सुळका ओळखीचा आहे, जाणकार माणूस पाच मिनिटांत जागा काढेल. फोटो ठेवून दिला. मोहोळांच्या जागा मात्र टाकतो, कारण त्या माणसांना कळल्या नाहीत तर जीवावर बेतेल.

९ मार्च २०२५

वेताळवाडीची तिसरी फेरी, फक्त पाणी बघायला. पहाटे साडेपाचला घाटात. गवत जागोजाग जळालेलं, वणवा येऊन गेलाय, त्यामुळं वाटा लख्ख उघड्या पडल्यात, आणि सोंडेवरच्या त्या ढोरवाटा पण. डिसेंबरात रचलेली दगडांची रास अर्धी ढासळली होती, परत रचली.

डिसेंबरात मोठ्या टाक्यात पाच गाठी ओल्या झाल्या होत्या, आज दोन. बाकीच्या दोन टाक्यांत चिखल. नकाशावर तिन्हीपुढं आजची तारीख टाकली, आणि वर्णनात लिहिलं की मार्चपासून पुढं माणशी चार लिटर पाणी खालूनच घेऊन चढावं, सहाच्या आत निघावं, दहाच्या आत खाली यावं.

उतरताना मामा भेटले. पाणवठ्याचं नाव मी नकाशावर थोडं चुकीचं लिहिलंय म्हणाले, नातवानं मोबाईलवर दाखवलं त्यांना. शेवटी "डी" आहे, "डा" नाही. तिथंच उभं राहून दुरुस्त केलं.

मे मध्ये कुणी जाणार असेल तर मोठ्या टाक्याच्या गाठी मोजून ग्रुपवर कळवा. दोरी घाटातल्या चहाच्या टपरीवर ठेवलेली आहे.